कचेरीबाहेरची कचेरी

तोक्योच्या शिम्बाशी स्थानकाबाहेर तांबडे कागदी कंदील उजळू लागले, म्हणजे दिवसभर दप्तरांत मान घालून बसलेले कारकून आणि त्यांचे वरिष्ठ लहान लहान मद्यगृहांकडे एकत्र वळताना दिसतात. आणि आता यांची कचेरी सुटली, असे जो समजेल त्याला जपानी व्यवहाराची अर्धीच ओळख झाली, असे म्हणावे लागेल. 'इझाकाया' नामक या मद्यगृहांत भरणारी सहकाऱ्यांची बैठक, म्हणजे 'नोमिकाई', ही त्या कचेरीचाच उत्तरार्ध होय.

तिचा शिरस्ता ठरलेला असतो. जागा राखण्यापासून वर्गणी गोळा करण्यापर्यंतचा सारा बंदोबस्त 'कान्जी' म्हणून नेमलेल्या, बहुधा कनिष्ठ, सहकाऱ्याकडे असतो. दारापासून सर्वांत दूरची जागा मानाची, म्हणून ती वरिष्ठाची. 'काम्पाई' असा एकमुखी उच्चार होईपर्यंत प्याला कोणी ओठांस लावीत नाही. स्वतःचा प्याला स्वतः भरावयाचा नसतो, आणि वरिष्ठाच्या प्याल्यास आपला प्याला भिडविताना तो किंचित खालीच धरावयाचा असतो.

इतकी मर्यादा पाळून साधावयाची असते ती मात्र मोकळीक. चारचौघांत बोलावयाचे ते 'तातेमाए' आणि अंतरीचे ते 'होन्ने', असा भेद जेथे मुरलेला आहे, आणि जेथे प्रस्ताव कनिष्ठापासून वरपर्यंत एकेकाच्या शिक्क्यानिशी सरकत जातो, तेथे शिक्के उमटण्यापूर्वी मने वळविणे अगत्याचे ठरते. या पूर्वतयारीला 'नेमावाशी' म्हणतात. झाड हलविण्यापूर्वी त्याच्या मुळांची तजवीज करणाऱ्या माळ्याचा हा शब्द. त्या मसलतीला सायंकाळची बैठक सोयीची पडते, कारण तेथे 'बुरेइको', म्हणजे हुद्दा विसरून बोलण्याची मुभा, जाहीर करता येते. ही मुभाही प्राचीन आहे: चौदाव्या शतकात सम्राट गो-दाइगो याच्या अशाच मजलिशींच्या आडून कामाकुराच्या सत्तेविरुद्ध खलबते झाल्याचे 'ताइहेइकी' या ग्रंथात वर्णिले आहे.

परंतु वरिष्ठाने बहाल केलेली मुभा सकाळी त्याच्याच स्मरणात राहते, हे कनिष्ठ जाणून असतो. शिवाय, जिचे मूल घरी वाट पाहत आहे ती माता या मसलतीस मुकते; आणि मद्यातून शरीरात निपजणारे विष पचविणारे विकर ज्यांच्या ठायी जन्मतःच दुबळे असते, अशा सुमारे ४० टक्के जपानी लोकांना आग्रहाचा प्याला ही शिक्षाच होते. अशा आग्रहास तेथे 'आरुहारा', म्हणजे मद्याच्या निमित्ताने होणारा छळ, असे नावच पडले आहे. अधिकाराच्या बळावर होणाऱ्या छळास आळा घालण्याचे बंधन २०२० साली कायद्याने मोठ्या आस्थापनांवर आले. त्याच वर्षी महासाथीने या बैठका बंद पाडल्या, आणि तरुणांपैकी अनेकांना नकार देणे सुलभ झाले.

सहकाऱ्यांनी एकत्र बसावे, हसावे, यात गैर काहीच नाही. परंतु जे सत्य कनिष्ठाने वरिष्ठापुढे मांडावयाचे, ते दिवसाउजेडी, कचेरीतच आणि शुद्धीवर असताना मांडता आले पाहिजे. ज्या संस्थेत त्यासाठी रात्रीची आणि मद्याची वाट पाहावी लागते, तिने प्याले भरण्यापूर्वी आपला कारभार तपासावा.