खतावणीतला सव्वा लिटर

बँकेतून निवृत्त होऊन पाच-सहा वर्षे झाली, पण हिशेब जुळल्याशिवाय उठायचे नाही ही सवय काही सुटली नाही. कादंबरीतल्या माणसांना मी हवे तसे वागू देतो. आकड्यांना ती मुभा नाही. आमच्या गाडीच्या खणात एक वही असते. २०१२ साली गाडी घेतली तेव्हापासून दर वेळी टाकी पूर्ण भरली की तारीख, किलोमीटर आणि लिटर मी तीत मांडतो. सौ. तिला 'खतावणी' म्हणते.

२०२५च्या उन्हाळ्यात खतावणीत खोट दिसली. पहिल्या पानांवर लिटरला १५.५ किलोमीटर देणारी गाडी १४.५ वर आली होती. महिन्याला आमचे फिरणे तीनशे किलोमीटरचे. म्हणजे दरमहा सव्वा लिटरहून थोडे अधिक पेट्रोल कुठेतरी जात होते. टायरमधली हवा, फिल्टर, प्लग सगळे तपासून झाले. दोष सापडेना.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर, २०२४ पासून, मी गाडी चालवत नाही. आमच्याच गल्लीतले एक मामा येतात. पेट्रोल भरायलाही तेच जातात. मनात जे यायला नको होते ते आले. एकदा मी म्हणालो, "मामा, जरा पावत्या दाखवत जा." मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी महिन्याभराच्या पावत्या टाचणीने टोचून माझ्या टेबलावर ठेवल्या. त्या दिवशी चहा मात्र घेतला नाही.

पुतण्याने वेगळाच उपाय सुचवला. "काका, शंभर ऑक्टेनचं टाका. मायलेज वाढेल." महाग वस्तू चांगली असणारच, हा आपला जुना समज. टाकण्यापूर्वी म्हटले, हे ऑक्टेन म्हणजे काय ते तरी पाहू.

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटते. दाब आणि उष्णता फार झाली तर त्यातला काही भाग ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता आपणच भडकतो. मग इंजिनातून टकटक ऐकू येते. खंबाटकी घाट चढताना जुन्या गाड्यांचा तो आवाज अनेकांनी ऐकला असेल. हा उतावळेपणा मोजण्यासाठी ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९२६च्या सुमारास मोजपट्टी सुचवली. सहज न भडकणाऱ्या आयसोऑक्टेनला १००, लगेच भडकणाऱ्या हेप्टेनला ०. ऑक्टेन ९१ म्हणजे ९१ भाग पहिले आणि ९ भाग दुसरे यांच्या मिश्रणाइतका धीर.

म्हणजे ऑक्टेन हा इंधनाचा धीर आहे, ताकद नव्हे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खातेदाराची पत वेगळी आणि खात्यातली शिल्लक वेगळी. जास्त दाबाच्या किंवा टर्बो इंजिनाला जास्त धीराचे पेट्रोल लागते, त्याचा त्याला उपयोगही होतो. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत ९१ पुरेसे म्हटले आहे. तिला शंभर घालणे म्हणजे बचत खात्याला कोट्यवधींची कर्जमर्यादा देणे. डिझेलचे तर सगळेच उलटे. ते ठिणगीशिवाय पेटावे हीच अपेक्षा, म्हणून त्याची मोजणी सीटेनमध्ये होते. तरी ते लिटरमागे जास्त अंतर कापते. सीएनजीचा ऑक्टेन शंभराच्याही वर, पण लोक ते घेतात ते खर्च वाचतो म्हणून.

हा धीर पेट्रोलमध्ये आणायचा कसा? १९२१ साली थॉमस मिजलीने शिशाचे संयुग शोधले. जगाने काही दशके ते वापरले आणि त्याची किंमत मुलांच्या आरोग्याने मोजली. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० साली शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. आता ते काम इथेनॉलही करते. त्याचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर. २०२२च्या मध्यास देशात सरासरी दहा टक्के मिश्रण झाले, २०२५ पर्यंत वीस टक्क्यांचे पेट्रोल जवळजवळ सगळीकडे पोचले. त्याचा ऑक्टेन ९५ आहे, असे सरकारनेच २०२५ मध्ये सांगितले.

पत वाढली, पण शिल्लक? इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. वीस टक्क्यांचा तिसरा हिस्सा म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्क्यांची घट सांगितली होती. माझे १५.५ वरून १४.५ म्हणजे नेमके तेवढेच.

मग मी खतावणी सावकाश चाळली. २०२२च्या शेवटच्या पानांवर गाडी आधीच पंधरावर आली होती. तेव्हा गाडी मीच चालवत होतो आणि पेट्रोलही मीच भरत होतो. चोर असलाच तर तो मीच ठरत होतो.

या इथेनॉलमुळे कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, तेलाची आयातही थोडी वाचली. त्यासाठी सव्वा लिटरचा भार सोसायला माझी ना नाही. पण तो भार मी एका माणसाच्या इमानावर टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मामांना समोर बसवले, वही उघडली, पाने दाखवली आणि माफी मागितली. त्यांनी चष्मा लावून २०२२चे पान पाहिले, २०२५चे पाहिले. मग म्हणाले, "साहेब, वही तुमचीच होती. आधी वाचायची ना."

सौ.ने चहा आणला. मामांनी तो घेतला. गाडीत आम्ही साधेच पेट्रोल भरतो. दर पंधरा दिवसांनी टायरमधली हवा तपासतो. आणि मामांच्या पावत्या मी आता मागत नाही.