ठिणगी आधी का?

गेल्या उन्हाळ्यात भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कहून मी वडिलांच्या जुन्या बजाज चेतकवर ठाण्याला निघालो होतो. मागे मुलगी बसली होती. आदल्याच दिवशी एका मेकॅनिकने ‘पिकअप वाढेल’ म्हणून टायमिंग जरा पुढे घेऊन दिले होते. पिकअप वाढलाही. पण घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला इंजिन खणखणू लागले आणि एकाएकी मागचे चाक अडकले. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून पडलो नाही. इंजिन जाम झाले होते. टायमिंग या एका शब्दात एवढे काय दडले आहे?

चेतक १९७२ साली बाजारात आली. तिचे पेट्रोल इंजिन टू-स्ट्रोक, हवेने थंड होणारे. सिलिंडरचा व्यास ५७ मिमी, दट्ट्याची धावही ५७ मिमी. (विद्यार्थ्यांना घनफळ काढू द्या, सुमारे १४५ घन सेंमी येईल.) पुस्तकातल्या आकृतीत दट्ट्या अगदी वर पोचल्यावर ठिणगी पडते. प्रत्यक्षात ती त्याआधीच पाडावी लागते. असे का?

कारण मिश्रण क्षणात पेटत नाही. ज्योत प्लगपासून कडेपर्यंत पसरत जाते. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०. एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १८ अंशांना १ मिलिसेकंद. दट्ट्या शिखरावरून १४ अंश पुढे गेल्यावर दाब सर्वाधिक व्हावा, असे समजू. ज्वलनाला २ मिलिसेकंद, म्हणजे ३६ अंश लागत असतील, तर ठिणगी शिखराच्या २२ अंश आधी पडायला हवी.

ती उशिरा पडली, तर दाब वाढेपर्यंत दट्ट्या खाली निघून गेलेला असतो. शक्ती वाया जाते. फार लवकर पडली, तर दट्ट्या वर येत असतानाच दाब वाढतो. उरलेले मिश्रण दाबाने तापून आपोआप पेटते. खणखण होते ती यामुळे. उष्णताही दट्ट्यात जास्त जाते. चढावर इंजिन हळू फिरते, म्हणून फ्लायव्हीलवरच्या पंख्याचा वारा कमी. उष्णता मात्र अधिक. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मधली फट संपते आणि दट्ट्या अडकतो.

हा क्षण ठरवतात ते पॉइंट. ते उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने ठिणगी पडते. पॉइंटची प्लेट फ्लायव्हीलच्या फिरण्याच्या उलट दिशेला सरकवली की ठिणगी लवकर पडते. पॉइंटमधली फट वाढवली तरी तेच होते. म्हणून आधी फट, मग प्लेट. पॉइंट नेमके कधी उघडतात हे कळण्यासाठी त्यांच्यात पातळ कागद धरतात. तो अलगद सुटला, तोच तो क्षण.

पण दट्ट्याचे शिखर कुठे आहे, हे कसे शोधायचे? शिखराच्या अलीकडे-पलीकडे ५ अंशांत दट्ट्या ०.२ मिमीसुद्धा हलत नाही; नजरेला तो थांबलेलाच वाटतो. इथे एक जुनी युक्ती कामी येते. प्लगच्या जागी लांब बोल्ट बसवून दट्ट्या शिखराआधीच अडवायचा. फ्लायव्हील हाताने हळूच फिरवून जिथे अडते तिथे खूण करायची; मग उलट फिरवून दुसरी खूण. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये शिखर! तिथून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला कोन अलीकडे मोजायचा.

आपल्याकडे शंकूच्या सावलीने दिशा ठरवतात, त्याचे तत्त्व हेच. माध्यान्ही सावलीची लांबी फारशी बदलत नाही, म्हणून सर्वात आखूड सावली नेमकी पकडता येत नाही. त्याऐवजी सकाळ-दुपारच्या समान लांबीच्या दोन सावल्यांमधला कोन दुभागला की उत्तर-दक्षिण रेषा मिळते. हा प्रयोग शाळेच्या गच्चीवर जरूर करा.

नवा दट्ट्या बसवल्यावर आम्ही टायमिंग घरीच लावले. खडूच्या खुणा मुलीने केल्या. पिकअप थोडा कमी झाला आहे. गायमुखचा चढ मात्र स्कूटर आता न खणखणता चढते.