परमुलखात बिऱ्हाड कुठे मांडावे?

मुलगा अमेरिकेला निघाला की पुण्या-बारामतीकडची अनेक मंडळी त्याला मोरगावी मयूरेश्वराच्या दर्शनाला आणतात. नारळ फुटतो, प्रसाद वाटला जातो आणि पाहुणे हटकून एकच प्रश्न विचारतात, "पगार किती?" कुठल्या गावी बिऱ्हाड करणार, हे विचारणारा विरळाच!

वास्तविक हा प्रश्न या मुलखाला परका नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला आणि बारामती तालुक्यात बागाईत व जिराईत अशा दोन दुनिया झाल्या. मोरगाव जिराईत पट्ट्यातले. तिथला शहाणा बाप मुलगी देण्याआधी सोयऱ्यांचे पाणी कुठून येते ते विचारी. कारण जमीन जावयाची असली तरी घागर लेकीच्या डोक्यावर यायची!

अमेरिकेलाही हाच न्याय लावावा. १९४६ पासून साऱ्या भारताच्या वाट्याला तिथे वर्षाकाठी अवघ्या शंभर जागा होत्या. दार खरे उघडले ते १९६५ च्या कायद्याने. त्या पिढीला निवड थोडीच होती? विद्यापीठ किंवा इस्पितळ बोलावील तिथे जायचे. आज मात्र दोन-तीन गावांतून एक निवडण्याची संधी अनेकांना मिळते. मग काय पाहावे?

पहिली गोष्ट, हवा. न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्को चार हजार किलोमीटरांहून दूर; एवढ्या देशात ऋतू एकसारखे कसे असतील? मिनिआपोलिसला जानेवारीत सरासरी तापमान शून्याखाली नऊ अंशांच्या आसपास असते. ह्यूस्टनला हिवाळा सौम्य, पण उन्हाळा मुंबईसारखा घामट.

दुसरी गोष्ट, हातात उरणारा पैसा. टेक्सास राज्य पगारावर स्वतःचा प्राप्तिकर घेत नाही, कॅलिफोर्निया घेते. पण टेक्सासात घरपट्टी जबर, आणि शाळांचा खर्च बराचसा तिच्यातूनच चालतो. चांगल्या शाळेच्या हद्दीतले घर म्हणूनच महाग पडते.

आता सर्वांत महत्त्वाचे. सूनबाई शिकलेली, बहुधा इथली नोकरी सोडून निघालेली. एच-१बी परवान्यावर गेलेल्याच्या पत्नीला तिथे आपोआप काम करता येत नाही. २०१५ पासून मुभा आहे, पण पतीचा कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोहोचला असेल तरच. डॉक्टर, नर्स, शिक्षिका यांना ज्या त्या राज्याचा परवाना काढावा लागतो. त्यातून बहुतेक गावांत मोटार हाकता आल्यावाचून कोथिंबिरीची जुडीही घरी येत नाही. तो कचेरीत जातो. ती चार भिंतींत, खिडकीबाहेर बर्फ. घागर आजही तिच्याच डोक्यावर आहे, फक्त दिसत नाही!

म्हणून तिला चालत जाता येईल असे वाचनालय, जवळ बस वा आगगाडी, पुढे शिकता येईल असे कॉलेज, हे पगाराच्या आकड्याइतकेच मोलाचे. आपली माणसेही हवीत. न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवर भारतीय दुकानांची रांगच आहे. ठिकठिकाणच्या महाराष्ट्र मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उभे आहे. बाळंतपणात, आजारपणात या ओळखी नात्यासारख्या धावून येतात. पण केवळ आपल्यांतच राहिले तर नवा देश खिडकीबाहेरच राहील, हेही विसरू नये.

आणि आईवडिलांनो, घड्याळही पाहा! उन्हाळ्यात इथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा, सॅन फ्रान्सिस्कोला साडेसात. नातवाची हाक कोणत्या वेळी ऐकू येणार, हे त्यावर ठरते.

घर विकत घेण्याची घाई मात्र नको. एक हिवाळा भाड्याच्या जागेत काढावा, मग दोघांनी बसून ठरवावे. नोकरी एकाची असेल. गाव दोघांचे असते.