एल-वन झाली, पण पैसे कधी?

सकाळची बदलापूर लोकल अंबरनाथला भरते आणि उल्हासनगरला दारात पाय ठेवायलाही जागा उरत नाही. तरी मोबाईलपुरता एक हात मोकळा ठेवायचं कसब इथल्या माणसाला जन्मजात असावं. सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा गाडी कुर्ला-दादरच्या आसपास असते आणि तोवर ग्रुपवर मेसेज येऊन पडलेला असतो : ‘भारतनेटमध्ये अमुक कंपनी एल-वन. घेऊन ठेवा.’ २०२४ ची दिवाळी आणि २०२५ चा उन्हाळा या दरम्यान असे मेसेज बरेच फिरले. एचएफसीएल, आरव्हीएनएल, आयटीआय, एनसीसी, पॉलिकॅब, स्टरलाइट... रोज नवं नाव आणि रोज नवी उडी.

एल-वन म्हणजे ज्याची बोली सगळ्यात कमी तो. लग्नाच्या भाषेत सांगायचं तर मुलगी पसंत आहे, एवढंच. याद्या अजून व्हायच्या आहेत. त्यानंतर आगाऊ कार्यादेश येतो, बँक गॅरंटी भरावी लागते, बीएसएनएलशी करार होतो, आणि मग कुठे खोदाई सुरू होते. मोठं कंत्राट मिळालं तर कंपनीने ते ठरलेल्या तासांच्या आत शेअर बाजाराला कळवलं पाहिजे, असा सेबीचा नियम आहे. अफवांच्या बाबतीतही आता सैल सोडलेलं नाही. बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांना जून २०२४ पासून आणि पहिल्या अडीचशेंना त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून, भाव हलवणाऱ्या बातमीवर खरं-खोटं करावंच लागतं. त्यामुळे बातमी सहसा खोटी नसते. चूक होते ती तिच्यातला आकडा वाचताना.

आधी मूळ योजना बघू. गावोगाव फायबर नेण्याच्या प्रकल्पाला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली. त्याचंच पुढे ‘भारतनेट’ झालं. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत एकच तार गेली. ती मध्ये कुठे जेसीबीने तोडली की पुढची गावं गप्प. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात तारा कडीसारख्या जोडायच्या आहेत, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून वाट राहते. व्याप्ती २ लाख ६४ हजार ग्रामपंचायतींची. फेब्रुवारी २०२४ मध्ये बीएसएनएलने सोळा पॅकेजेसची, सुमारे ६५ हजार कोटींची निविदा काढली. पैसा येतो तो डिजिटल भारत निधीतून, आणि त्या निधीत दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले पाच टक्के जातात. म्हणजे लोकलमधला गडी शेअर घेवो न घेवो, रिचार्ज केला की त्याचा हातभार लागलेलाच असतो.

आता एकच कंत्राट सोलून बघू. एचएफसीएलला पंजाबचं पॅकेज मिळालं ते २,५०१ कोटींचं. मथळा तेवढाच छापला गेला. कंपनीची वर्षाची उलाढाल चार हजार कोटींच्या आसपास, म्हणजे एका फटक्यात निम्म्याहून जास्त काम मिळालं, असा हिशेब झाला आणि भाव हलला. पण आत बघा. प्रत्यक्ष उभारणीचे १,२४४ कोटी. नव्या जाळ्याच्या देखभालीचे ७४६ कोटी. जुन्या जाळ्याच्या देखभालीचे ५११ कोटी. उभारणीला मुदत तीन वर्षं, देखभाल दहा वर्षं. देखभालीचा दर निविदेतच ठरलेला : पहिली पाच वर्षं उभारणी खर्चाच्या साडेपाच टक्के, पुढची पाच साडेसहा टक्के. गुणाकार करा, बरोबर ७४६ येतात. म्हणजे पहिल्या तीन वर्षांत वर्षाला चारशे-सव्वाचारशे कोटींचं काम, आणि नंतर नव्या जाळ्याचे वर्षाला सत्तर-ऐंशी कोटी. कंत्राट चांगलंच आहे. पण ते तेरा वर्षांचं आहे, आणि मेसेज सकाळी सव्वानऊचा.

दुसरी गुंतागुंत नावांची. आरव्हीएनएल ही रेल्वेची बांधकाम कंपनी, एनसीसी आणि दिलीप बिल्डकॉन रस्ते-इमारतींच्या. खोदाई त्यांची, पण केबल आणि राउटर दुसऱ्याचे. २०२१ पासून दूरसंचार उपकरणं ‘विश्वसनीय स्रोता’कडूनच घ्यायची सक्ती आहे, त्यामुळे पुरवठादार मोजकेच राहतात. पॅकेज कुणीही जिंको, खरेदी फिरून त्याच चार दारांशी येते. आपल्या छत्रपती संभाजीनगरला फायबर काढणारी स्टरलाइट त्यातली एक. राज्याच्या ‘महानेट’ या फायबर जाळ्याचंही काम तिने केलं. जम्मू-काश्मीरच्या पॅकेजमध्येही दिलीप बिल्डकॉनबरोबर तीच होती. मात्र जाळं उभारण्याचा हा व्यवसाय २०२५ मध्ये एसटीएल नेटवर्क्स या वेगळ्या कंपनीत गेला. भारतनेटसाठी म्हणून ज्याने स्टरलाइट घेतला, त्याला आता कोणता कागद कशासाठी ठेवलाय, हे डिमॅट उघडून बघावं लागेल.

आणि काम संपल्यावर काय? तेजस नेटवर्क्सचं उदाहरण ताजं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिला टीसीएसकडून बीएसएनएलच्या ४जीसाठी ७,४९२ कोटींची ऑर्डर मिळाली. जून २०२४ मध्ये शेअर १,५०० च्या घरात गेला. माल पोचवून झाला, पुढची ऑर्डर लांबली, आणि एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीत विक्री २०२ कोटींवर आली. आदल्या वर्षी याच तिमाहीत ती १,५६३ कोटी होती. भाव निम्म्याहूनही खाली आला. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन झालं तेव्हा तेजसच्या भागधारकाचा चेहरा बघण्यासारखा असणार.

जुन्या माणसांना हे नवं वाटत नाही. याच एचएफसीएलच्या पुढाकारातल्या समूहाने १९९५ मध्ये नऊ दूरसंचार मंडळांतल्या टेलिफोन सेवेसाठी सुमारे ८५ हजार कोटींची बोली लावली होती, तीही काही शे कोटींच्या उलाढालीवर. सरकारला शेवटी एका बोलीदाराला किती मंडळं द्यायची यावर मर्यादा घालावी लागली. पुढे दलाल केतन पारेखच्या लाडक्या शेअरांत याच कंपनीचं नाव आलं, भाव दोन हजारांच्या वर गेला आणि २००१ च्या पडझडीनंतर बरीच वर्षं तो मातीमोल होता.

आमच्या पट्ट्यात ब्रॉडबँड भारतनेटने आणलं नाही. वांगणीसारख्या ग्रामपंचायतींसाठी ती योजना. उल्हासनगरच्या कॅम्पांत आणि बदलापूरच्या सोसायट्यांत फायबर ओढली ती केबलवाल्याने, विजेच्या खांबावरून आणि गच्चीगच्चीवरून. राउटरवर लाल दिवा लुकलुकला की त्याचा पोरगा स्प्लायसिंग मशीन घेऊन येतो. तारेवरचं आवरण सोलतो, केसाएवढी, सव्वाशे मायक्रॉनची काच स्पिरिटने पुसतो, एका झटक्यात सरळ कापतो, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवतो. पडद्यावर ती मोठी होऊन दिसतात, ठिणगी पडते, जोड होतो. पंजाबातही शेवटी हेच काम असेच पोरगे करणार. मुख्य ठेकेदाराखाली पोटठेकेदार आणि त्याच्याखाली हे. वर बिल अडकलं की खाली मजुरी अडकते.

म्हणून तिमाही निकाल आले की मी ऑर्डर बुक नंतर बघतो. आधी येणी किती दिवसांची थकली आहेत ते बघतो. सरकारी कंपनी एकच ग्राहक असेल तर हा आकडा फुगत जातो, उधारीवर व्याज चढतं आणि कागदावरचा नफा तिथेच मुरतो. आमच्या केबलवाल्याचा शेअर कुठल्याच बाजारात मिळत नाही. पण सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय तो वायरला हात लावत नाही.