मुलांची ग्रामसभा कोणत्या भाषेत?

कर्नाटकात 2006 पासून ग्रामपंचायतींनी वर्षातून एकदा ‘मक्कळ ग्रामसभा’, म्हणजे मुलांची ग्रामसभा, घ्यायची असते. अंगणवाडीचे छप्पर गळते, शाळेत पाणी नाही, मराठी वर्गाला शिक्षक नाही, हे मुलांनी उभे राहून विचारायचे आणि पंचायतीने उत्तर द्यायचे. बेळगाव-निपाणी भागातील आपल्या किती गावांत ही सभा मराठीत होते? आई तंबाखूच्या वखारीत, धाकटे भावंड अंगणवाडीच्या भरवशावर. त्याचे गाऱ्हाणे चौथीतल्या पोरीने परक्या भाषेत कसे मांडावे?

शिक्षक नेमणे पंचायतीच्या हाती नाही, हे खरे. पण तेवढ्यावर तिची सुटका होत नाही. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले 350 अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून झटण्याची जबाबदारी राज्याबरोबर स्थानिक प्राधिकरणावरही टाकते. (हे कलम भाषणात सांगणारे पुढारी आपल्याकडे पुष्कळ, मुलाचा प्रश्न लिहून घेणारा सदस्य विरळा.)

गेल्या सभेचे प्रोसिडिंग बुक मागा. मुलांचे प्रश्न त्यात उतरले आहेत का आणि त्यांपुढे कोणती कार्यवाही लिहिली आहे, ते पाहा.