स्टेंटनंतरच्या दोन गोळ्या : लाभ आणि जोखीम

माळशेज घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वैशाखरे परिसरात कोणास पक्षाघाताचा झटका आला, की त्यास कल्याण, ठाणे वा मुंबईस न्यावे लागते. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी काढूनही वाहिनी पुन्हा बंद होऊ लागली, तर काही रुग्णांस तातडीने स्टेंट, म्हणजे धातूची जाळीदार नळी, बसवावी लागते. हा उपचार शहरात होतो; पुढील महिने मात्र रुग्ण आपल्या घरी काढतो. म्हणून त्यानंतरच्या काळजीविषयी येथे माहिती देणे आम्हांस आवश्यक वाटते.

धातूची जाळी शरीरास परकी असते. रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, तिला चिकटून नवी गुठळी धरू शकतात. तसे होऊ नये म्हणून सामान्यतः अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही औषधे देतात. लोक त्यांना ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या’ म्हणतात; प्रत्यक्षात रक्त पातळ होत नाही, बिंबिकांचे एकमेकींस चिकटणे कमी होते.

अडचण येथेच आहे. रक्तावाचून राहिलेला मेंदूचा भाग नाजूक झालेला असतो. प्रवाह पूर्ववत होताच तेथे रक्तस्राव होऊ शकतो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन दिले असल्यास एरवी २४ तास या गोळ्या टाळतात. तातडीच्या स्टेंटला मात्र पुष्कळदा तेवढी सवड नसते. अशा वेळी सीटी स्कॅन व रक्तदाब पाहून डॉक्टरांस दोन्ही संकटे तोलावी लागतात.

सौम्य पक्षाघाताच्या व तात्पुरत्या झटक्याच्या रुग्णांवरील ‘पॉइंट’ हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातील रुग्ण स्टेंटचे नव्हते, तरी आकडे बोलके आहेत. केवळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या दर हजारी सुमारे ६५ जणांस ९० दिवसांत गुठळीचा पक्षाघात, हृदयविकाराचा झटका वा तशा कारणाने मृत्यू आला. दोन्ही औषधे घेणाऱ्यांत ५० जणांस. गंभीर रक्तस्राव मात्र ४ वरून ९ वर गेला. लाभ मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत दिसला; रक्तस्रावाची जोखीम पुढेही राहिली. म्हणूनच दोन गोळ्या ठरावीक मुदतीपुरत्या आणि पुढे बहुधा एकच, असा क्रम असतो. ती मुदत डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावी.

नातेवाइकांस आमची विनंती अशी : हिरड्यांतून थोडे रक्त आले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांस विचारावे. काळी शौचास, रक्ताची उलटी, तीव्र डोकेदुखी, गुंगी वा नवा अशक्तपणा दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. भातलावणीत अंग दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणू नये. आम्लपित्ताची गोळीही विचारूनच घ्यावी. घोणस वा फुरसे चावल्यास या गोळ्या चालू असल्याचे डॉक्टरांस आधी सांगावे, कारण त्या विषानेही रक्तस्राव होतो. पावसाळ्यात रस्ता बंद पडण्यापूर्वी औषधांचा साठा घरी असावा.

रक्तदाबाची नियमित तपासणी आणि खंड न पडणारी औषधे, एवढ्यावर स्टेंटचे यश पुष्कळ अंशी अवलंबून असते. आमच्या हितचिंतकांचे साहाय्य या साध्या कामी लागते, तेव्हा ते एखाद्या कुटुंबाचा कर्ता माणूस राखण्यास उपयोगी पडते.