सोड्याची साक्ष

आमच्या घरी शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची काचपेटी आहे आणि तिच्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊनफिश. एका उन्हाळ्यात पाण्याची क्षारता तपासली, तर किटने सहा अंश दाखवले. मी रोज थोडा खाण्याचा सोडा घालत ती दहावर आणली. आठवडाभरात हीटरवर चुन्याचा पांढरा थर चढला, पाणी गढुळले, मासे कोपऱ्यात जाऊन बसले. मुलगी म्हणाली, "बाबा, आकडा तर बरोबर आला, मग मासे का रुसले?"

क्षारता म्हणजे खारटपणा नव्हे. आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद म्हणजे क्षारता. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे यांतून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि त्या कामात ही ताकद खर्ची पडते. ती फार घटली की पाणी आम्लाकडे झुकते. फार वाढली की पाण्यातले कॅल्शियम चुन्याच्या रूपात बाहेर पडते. समुद्राच्या पाण्याची क्षारता साधारण साडेसहा ते सात जर्मन अंश असते.

किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश असा हिशेब असतो. आमच्या बाटलीचे झाकण सैल राहिले होते. उन्हाने पाणी उडाले, आतले आम्ल तीव्र झाले. साहजिकच थेंब कमी लागू लागले आणि क्षारता होती त्याहून कमी दिसू लागली. कॉलेजात मुलांना दरवर्षी सांगतो, द्रावण आधी प्रमाणित करा. घरी मात्र बाटलीवर विश्वास ठेवून मोकळा झालो!

चूक सापडली ती सोड्यामुळेच. कानडीत ज्याला आपण 'अडुगे सोडा' म्हणतो, तोच. (बेकिंग पावडर चालत नाही.) शहापुरातल्या ओळखीच्या सराफाकडून ताज्या पाकिटातला २.१ ग्रॅम सोडा तोलून घेतला. "सर, हे कुठलं सोनं?" म्हणून तो हसला. हा सोडा एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवला. त्यातले १०० मिलीलिटर घेऊन पुन्हा डिस्टिल्ड वॉटर घालत एक लिटर केले. या पाण्याची क्षारता बरोबर ७ अंश. किटने ती ५ दाखवली! म्हणजे किटचे १० हे खरे १४ होते.

मग चाचणीचे साहित्य घरीच जमवले. प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानातून ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या सूचकाचे तयार द्रावण आणले. पेटीतले २५ मिलीलिटर पाणी पांढऱ्या कपात घ्यावे, सूचकाचे दोन-तीन थेंब टाकावेत. पाणी निळे होते. एक मिलीलिटरच्या सिरिंजने आम्ल थेंब थेंब सोडत कप हलवत राहावे. निळ्याचा हिरवा होऊन पिवळसर झाक आली की थांबावे आणि किती आम्ल लागले ते लिहावे. हेच सोड्याच्या पाण्यावर करावे, त्याच छटेला थांबावे. तिथे साधारण ०.६ मिलीलिटर लागेल.

पुढे शाळेतले त्रैराशिक. पेटीच्या पाण्याला लागलेल्या आम्लाला सोड्याच्या पाण्याला लागलेल्या आम्लाने भागा आणि सातने गुणा. आम्ल थोडे कमी-जास्त तीव्र असले तरी उत्तर बिघडत नाही, कारण दोन्हीकडे आम्ल एकच.

दुरुस्तीचे मापही सोपे आहे. शंभर लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोडा घातला की एक अंश वाढतो. दिवसाला त्याहून अधिक वाढवू नये.

आम्ल तीव्र मिळाले तर ते घरी पातळ करत बसू नये, तयार सौम्यच मागावे. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. आणि किट हाती आले म्हणून प्रवाळ घरी आणण्याचा मोह नको. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ते पाहायला मालवण आहे, मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी आहे.

आम्ही रोज थोडे थोडे पाणी बदलत क्षारता आठवर आणली. मासे वाचले. आता महिन्यातून एकदा मुलगी सोड्याचे ताजे पाणी करते आणि आधी तेच तपासते. पेटीची पाळी त्यानंतर.